बिनानावाच्या गोळ्या

तुमच्या घरात असा एक डबा आहेच. नाही म्हणू नका. फ्रिजवर, कपाटाच्या खणात, नाहीतर त्या ड्रॉवरमध्ये, जिथं घरातल्या सगळ्या बिनकामाच्या वस्तू येऊन पडतात. कुणाच्या तापाच्या उरलेल्या दोन गोळ्या, कुणाच्या गुडघ्याच्या चार, कुणाच्या दाढेच्या तीन. आणि घरात एक माणूस असतं, ज्याला त्या डब्यातलं सगळं कळतं असं सगळ्यांना वाटतं. त्या माणसालाही तसंच वाटतं, आणि खरी गोम तिथंच आहे.

ही गोष्ट अशाच एका डब्याची आहे. तो घरात नव्हता, एका मोठ्या लॉण्ड्रीच्या इस्त्रीखान्यात होता. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तिथं गाडी भरभरून यायचे आणि कडक इस्त्री होऊन परत जायचे. मध्यभागी एक लांबलचक गरम रोलर. एका बाजूनं ओलसर चादर आत, दुसऱ्या बाजूनं वाफाळती बाहेर. बाहेरच्या बाजूला दोघीजणी उभ्या असत. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, दोन पावलं मागं जायचं, चादर एकदा झटकायची, मग एकमेकींकडं चालत यायचं आणि टोकाला टोक लावून घडी करायची. दिवसाला सातशे-आठशे चादरी. संध्याकाळी खांदे आपले राहत नसत.

म्हणून तो डबा. पेपरमिंटचा जुना पत्र्याचा डबा, रोलरच्या टोकाशी असलेल्या फळीवर ठेवलेला. तो सांभाळणाऱ्या बाईंना सगळा इस्त्रीखाना डॉक्टरीणबाई म्हणायचा. शिक्षण आठवीपर्यंतचं, पण आत्मविश्वास शस्त्रक्रिया करण्याइतका! कुणाचं डोकं दुखो, कंबर धरो, पोट बिघडो, सगळ्या आधी बाईंकडं. घरी उरलेल्या गोळ्या आणून द्यायच्या आणि लागतील तेव्हा मागून न्यायच्या, असा तिथला रिवाज होता.

बाई नीटनेटक्या. गोळ्यांच्या पाकिटांचे कोपरे बोटांना टोचतात, लहानशा डब्यात मावत नाहीत, म्हणून त्या दोरे कापायच्या कात्रीनं प्रत्येक गोळी सुटी कापून ठेवत. एकेक गोळी, एकेक चौकोन. पाठीमागं छापलेल्या नावाचे तुकडे व्हायचे. एका चौकोनावर दोन अक्षरं, दुसऱ्यावर अर्धं, तिसऱ्यावर नुसती रेघ. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या गोळ्या रंगानं ओळखत. पांढरी तापाची, पिवळी पोटाची, विटकरी अंगदुखीची.

नऊ वर्षं बाईंच्या समोरच्या टोकाला एकच बाई उभी असे. इस्त्रीखान्यात अशा दोघींना एकमेकींच्या जोडीदारीण म्हणत. ही जोडीदारीण अंगानं खूप जाड होती. लोक तिला मालगाडी म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि ती हसायची. हसली नसती तर आणखी म्हणाले असते. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, जिना चढताना दर चौथ्या पायरीला थांबायची.

मग एकदा ती दोन महिने रजेवर गेली. परत आली आणि महिन्यामहिन्याला उतरत गेली. वर्षभरात निम्मी झाली. "काय खातेस गं? आम्हालाही सांग!" सगळ्या मागं लागल्या. ती म्हणायची, "चालते रोज. आणि रात्रीचं कमी केलं."

खरं तिनं फक्त बाईंना सांगितलं, सुकवणीच्या यंत्रामागं, जिथं आवाजामुळं तिसऱ्याला ऐकू जात नाही.

"माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. वजनाचं. पोटाची एवढीशी पिशवी ठेवलीय आणि आतडं तिला जोडलंय. कुणाला सांगू नकोस."

"अगं, पण लपवायचं काय त्यात?"

"आधी जाडी म्हणून हसल्या. आता म्हणतील, कष्ट नकोत म्हणून कापून घेतलं. माझं परत हसं व्हायला नको." मग ती जवळ सरकून म्हणाली, "आणि हे बघ, मला तुझ्या डब्यातलं काही देऊ नकोस हं. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, तीही बेताची. सूज उतरवणाऱ्या ज्या गोळ्या असतात, त्या मला आयुष्यभर बंद. डॉक्टरांनी यादीच दिलीय. फ्रिजला चिकटवलीय मी."

बाईंनी मान डोलावली. आपल्याला एकटीला सांगितलं, याचा त्यांना अभिमानच वाटला.

पुढच्या मोसमात काम वाढलं. जोडीदारिणीचा उजवा खांदा धरला. पांढऱ्या गोळीनं तासभर बरं वाटे, पुन्हा कळ येई. तिसऱ्या दिवशी चादर झटकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना बघवेना. त्यांनी डबा उघडला आणि एक विटकरी चौकोन तिच्या हातावर ठेवला.

"ही कोणती?" तिनं विचारलं.

वाचकहो, इथं जरा थांबा. या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, "माहीत नाही." ती गोळी बॉयलरवाल्यानं आणून दिली होती, गुडघा सुजला होता तेव्हाची उरलेली. तिच्यात काय आहे हे बाईंनी कधी वाचलं नव्हतं, आणि आता वाचायला नावही शिल्लक नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंना माहीत नाही, असं कसं होईल?

"अगं, साधीच आहे," बाई म्हणाल्या. "जरा जोर असतो तिला, इतकंच. जेवून घे म्हणजे झालं."

गोळी लागू पडली. मग रोजचंच झालं. दुपारी तीन वाजता जोडीदारीण फळीपाशी यायची आणि बोटातल्या अंगठीनं लाकडावर दोनदा वाजवायची. टक् टक्. बाई न विचारता डबा उघडायच्या. डबा संपत आला की बॉयलरवाला आणखी आणून द्यायचा. असं सात आठवडे चाललं.

मधे ती एकदा म्हणाली, "पोटात वर जळजळतंय गं." बाईंनी पिवळी दिली. एकदा म्हणाली, "शौचाला काळं होतंय." बाई म्हणाल्या, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना तुझ्या? त्यानंच होतं." एकदा म्हणाली, "उभं राहिलं की गरगरतं." बाई म्हणाल्या, "खात नाहीस नीट, दुसरं काय." प्रत्येक दुखण्याला उत्तर होतं, आणि ऐकणारीला ते बरंही वाटत होतं. कुणीतरी इतकी काळजी करतंय, आणखी काय पाहिजे माणसाला!

एका गुरुवारी दोघी चादरीची टोकं धरून मागं सरकल्या. बाईंनी झटका दिला आणि समोरून काहीच आलं नाही. चादर सैल झाली. पलीकडचं टोक जमिनीवर पडलं होतं, आणि जोडीदारीण पोट धरून त्या टोकावर दुमडली होती.

पिशवी आणि आतडं जिथं जोडलं होतं, तिथं जखम होऊन भोक पडलं होतं. तातडीनं पोट उघडलं. इस्पितळाच्या बोळात डॉक्टर तिच्या नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, "अंगदुखीच्या काही गोळ्या घेत होत्या का? नीट आठवून सांगा."

"नाही हो, डॉक्टर. शक्यच नाही. ती तर यादी बघितल्याशिवाय खोकल्याचं औषधसुद्धा घेत नव्हती."

दोन हातांवर बाई उभ्या होत्या, जोडीदारिणीच्या चपलांची पिशवी छातीशी धरून. त्यांनी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर दुपारचे तीन वाजले की इस्त्रीखान्यात टक् टक् व्हायचं. बाई दचकून फळीकडं बघायच्या. तिथं कुणी नसे. तीनला चहाची सुट्टी, रोलर बंद होतो, वाफेचा पाइप थंड होताना आवाज करतो. तो नऊ वर्षं करत होता, हे बाईंनाही ठाऊक होतं. पण पूर्वी तो कधी मोजून दोनदा वाजला होता का? ते काही केल्या आठवेना.

समोरच्या टोकाला दुसरी बाई आली. चांगली होती, हात चपळ होता. पण चादर झटकली की क्षणभर दोघींच्या मधे एक पांढरा पडदा उभा राहायचा, आणि त्या क्षणात पलीकडं कोण आहे ते दिसायचं नाही. पडदा खाली येताना बाई डोळे मिटून घ्यायच्या. टोकाला टोक लावताना नव्या बाईची बोटं लागली की त्यांना वाटायचं, इतकी गार कशी? आणि मग कळायचं की गार आपलीच आहेत.

घरी जेवताना नवरा म्हणायचा, "काय झालंय तुला? घास हातात धरून बसलीयस." त्या म्हणायच्या, "काही नाही. खांदा दुखतोय." आणि 'एक गोळी घे की' असं तो म्हणाला, की ताट तसंच टाकून उठायच्या.

पण सगळ्यात वाईट काय, सांगू? डबा चालूच होता! लोक येत होते, बाई देत होत्या. एकदम देणं बंद केलं तर कुणीतरी विचारेल, का? आणि त्या 'का'चं उत्तर द्यायची हिंमत त्यांच्यात नव्हती. आपली अब्रू वाचवायला त्या रोज दुसऱ्याचा जीव पणाला लावत होत्या. माणूस वाईट नसतानाही किती वाईट वागू शकतं, ते बघा.

अडीच महिन्यांनी जोडीदारिणीचा नवरा लॉण्ड्रीत आला. कामावरचा ॲप्रन परत करायचा नियम होता. त्यानं तो स्वतः धुतला होता, स्वतः घडी केली होती. घडी वाकडी होती. ज्या बाईनं आयुष्यात एक वाकडी घडी घातली नाही, तिच्या ॲप्रनची ती घडी बघून बाईंना गलबलून आलं.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या, म्हणून विचारतो. हे तिच्या खिशात सापडलं." त्यानं कागदाची पुडी उलगडली. आत एक चौकोन होता, न फोडलेला. विटकरी. "हे काय आहे? डॉक्टरांनी मला चारदा विचारलं होतं आणि मी चारही वेळा नाही म्हणालो. ताई, मी खोटं बोललो का हो? माझ्यामुळं त्यांची दिशा चुकली का?"

त्याचे डोळे झोप न झालेल्या माणसाचे होते. बाईंनी त्या चौकोनाकडं बघितलं. कात्रीची कड सरळ होती, त्यांचीच.

"माहीत नाही मला," त्या म्हणाल्या.

माहीत नव्हतं तेव्हा 'साधीच आहे' म्हणाल्या, आणि माहीत होतं तेव्हा 'माहीत नाही'! तो मान खाली घालून निघून गेला. पुडी फळीवरच राहिली.

त्या दिवशी काम सुटल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. तिथं वीस-बावीस वर्षं एक औषधवाल्या काकू उभ्या असत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं तुटक. बाईंनी पुडी काउंटरवर ठेवली.

"ही कशाची गोळी आहे, सांगाल?"

काकूंनी चौकोन उलटा केला. "नाव कुठंय?"

"कापलं गेलंय."

"मग मी काय ज्योतिषी आहे?" पण बाईंचा चेहरा बघून काकू थांबल्या. त्यांनी मागच्या खणांतून एक एक पाकीट काढून शेजारी धरून बघितलं. तिसऱ्याला रंग, आकार, गोळीवरची खूण, सगळं तंतोतंत जुळलं. "ही घ्या. वेदना आणि सूज उतरवणारी. डायक्लोफिनॅक. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, ही सगळी हिची भावंडं. कुणाला हवीय?"

"कुणाला नकोय. वजनाचं ऑपरेशन झालेल्या माणसानं घेतली तर काय होतं, एवढंच विचारायचंय."

काकूंनी चष्मा काढला. "कुणाला दिलीत?"

बाई हळूच म्हणाल्या, "जेवल्यावर घेतली तर चालते ना पण? भरल्या पोटी?"

"सगळ्यांचा हाच समज! अहो, ही गोळी नुसती पोटात पडून बोचते असं नाही. ती रक्तात जाते. पोटाच्या आतल्या अस्तराचं जे संरक्षण असतं, तेच ती कमी करते. जेवून घ्या, अर्धी घ्या, नाहीतर इंजेक्शननं घ्या, तो धोका जात नाही. आणि पोटाची पिशवी करून आतडं जोडलेलं असलं, की ती जोड नाजूक असते. तिथं जखम होते, रक्त वाहतं, कधी भोक पडतं. अशा माणसानं आपल्या मनानं ही गोळी कधीच घ्यायची नाही. ऑपरेशनला दहा वर्षं झाली असली तरी नाही. कुणा डॉक्टरांना द्यावीच लागली, तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्या नजरेखाली."

"आणि साधी पॅरासिटामॉल?"

"बहुतेकांना तीच सांगतात, पण दिलेल्या मर्यादेत. आणि पाकीट वाचून! काही गोळ्यांवर पॅरासिटामॉलचं नाव मोठं असतं आणि जोडीला आत हीच सूज उतरवणारी असते. लोक पहिलं नाव वाचतात आणि गिळतात."

"शौचाला काळं होतं, गरगरतं..." बाई म्हणाल्या.

"म्हणजे आत रक्त वाहत असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणून तर घरच्या घरी ठरवायचं नाही. पोटात जोरात दुखणं, शौचाला काळं होणं, रक्ताची उलटी, चक्कर, यातलं काहीही झालं की तडक इस्पितळ!"

सगळं एका दमात बाहेर आलं. डबा, कात्री, सात आठवडे, इस्पितळाचा बोळ, चपलांची पिशवी. काकूंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "माझ्यामुळं गेली का ती?"

"ते मला सांगता येणार नाही," काकू म्हणाल्या. "कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित ती जखम दुसऱ्या कशानं झाली असेल. कदाचित डॉक्टरांना कळलं असतं तरी ती वाचली नसती. तुम्हाला हे न कळताच जगायचं आहे. पण एक गोष्ट नक्की आहे. डॉक्टर विचारत होते तेव्हा उत्तर त्याच बोळात उभं होतं आणि ते बोललं नाही."

बाई रडू लागल्या. काकूंचं बोट बाईंच्या ॲप्रनवरच्या नंबराकडं गेलं. "लॉण्ड्रीत आहात ना? मला सांगा, एखादी चादर आली, तिच्यावर हॉटेलची चिठ्ठी नाही. तुम्ही ती रोलरला लावता?"

"नाही. बाजूला ठेवतो. कुणाची आहे कळल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियमच आहे."

"चादरीला नाव लागतं," काकू म्हणाल्या, "आणि माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोळीला लागत नाही?"

बाईंनी पुडी पुन्हा गुंडाळली.

"आणि हे मला सांगून काय उपयोग? ज्यानं विचारलंय त्याला सांगा. आणि ज्यांना तुम्ही अजून देताय, त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता रोलर थांबला. टक् टक्. बाईंनी मान वर केली आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. फळीपाशी खरंच कुणीतरी उभं होतं.

तो गाडीवाला होता. चादरींची गाडी आणणारा, एके काळी एवढा आडवा की सगळे त्याला पैलवान म्हणत. हल्ली बराच उतरला होता, पण नाव काही सुटलं नव्हतं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातातली किल्ली लाकडावर वाजवत तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, कंबर पार गेली बघा. ती तुमची विटकरी द्या एक. परवा दिलीत, काय उतार पडला!"

परवा दिली होती! बाईंना आठवलं. द्यायच्या नादात चेहऱ्याकडंही बघितलं नव्हतं.

त्यांनी डबा उचलला. उघडला नाही. "पैलवान, तुमचं कधी पोटाचं ऑपरेशन झालंय का?"

तो चपापला, मग मोठ्यानं हसला. "मला काय धाड भरलीय? बायकोनं गोड बंद केलं म्हणून उतरलो. द्या, गाडी खोळंबलीय."

चहा पिणाऱ्या बायकाही हसल्या. एकजण म्हणाली, "बाई, आता तपासणीपण सुरू केलीत का?"

हा हशा बाईंनी ओळखला. याच हशाच्या भीतीनं एक बाई सुकवणीच्या यंत्रामागं जाऊन कुजबुजली होती. आणि पैलवानाचं हसू मात्र डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं. तो नजर चुकवत होता, ती जशी चुकवायची तशीच.

आता गप्प राहिलं तर? तर आणखी एक टोक जमिनीवर पडेल!

"हसू नका!" बाई ओरडल्या. "ऐका सगळ्या. माझी जोडीदारीण चालून बारीक झाली नव्हती. तिचं ऑपरेशन झालं होतं. आपण तिला मालगाडी म्हणायचो, म्हणून तिनं तुमच्यापासून लपवलं. मला सांगितलं होतं तिनं. ही गोळी मला चालत नाही, असंही सांगितलं होतं. आणि मी तिला हीच गोळी दिली. सात आठवडे, रोज. 'ही कोणती' म्हणून तिनं विचारलं, तर साधीच आहे म्हणाले मी. मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. पोटाला भोक पडून गेली ती. डॉक्टर विचारत होते तेव्हा मी तिथं उभी होते आणि मी बोलले नाही!"

कुणाच्या तरी हातातला पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. नवी जोडीदारीण तोंडावर हात ठेवून उभी होती.

"मला काय म्हणायचं ते म्हणा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "पण पैलवान, तुमच्या पाया पडते. झालं असेल तर सांगा."

गाडीवाल्यानं किल्ली खिशात घातली, परत काढली. मग कुणाकडंच न बघता म्हणाला, "दीड वर्ष झालं. पोटाचा बायपास. माझ्या आईलासुद्धा माहीत नाही. आणि बाई... कालपासून शौचाला काळं होतंय."

पुढचं सगळं भराभर झालं. त्याच्याच गाडीत त्याला बसवलं, गाडी दुसऱ्यानं हाकली, बाई शेजारी बसल्या. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "वेदनेच्या काही गोळ्या?" आणि या वेळी उत्तर बोललं. गोळीचं नाव, केव्हा घेतली, किती घेतल्या. ज्या कागदावर काकूंनी नाव लिहून दिलं होतं, तो कागदच बाईंनी पुढं केला. जोडीपाशी लहानशी जखम होती, रक्त येत होतं. दुर्बिणीतून ते थांबवलं. पैलवान आठव्या दिवशी घरी गेला आणि घरी जाऊन त्यानं पहिली गोष्ट केली, ती म्हणजे आईला सांगितलं.

एक माणूस मात्र अजून राहिला होता. बाई जोडीदारिणीच्या घरी गेल्या, संध्याकाळी, दिवे लागायच्या आत. नवऱ्यानं दार उघडलं. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. मला माहीतच नव्हतं."

"नाही हो. तुम्ही खरंच बोललात. खोटं माझं होतं."

त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, बाईंना ते दिसलं. अडीच महिने तो माणूस त्यांचं ओझं वाहत होता! तो ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर त्यांना सोपं गेलं असतं. तो फक्त आत गेला, फ्रिजवरचा कागद काढून घेऊन आला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, कोपऱ्यावर तिच्या पिठाच्या बोटाचा ठसा होता.

"मला तुम्हाला माफ करता येईल की नाही, ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण हा घेऊन जा. इथं आता याचा कुणाला उपयोग नाही. जा तुम्ही."

तो कागद आता इस्त्रीखान्यात आहे, जिथं डबा होता त्या फळीच्या वर. डब्यातल्या सगळ्या गोळ्या बाईंनी काकूंच्या दुकानात नेऊन दिल्या, नीट नष्ट करायला. मालगाडी हे नाव तिथं पुन्हा कुणी कुणाला दिलं नाही. बाईंना डॉक्टरीणबाई म्हणणंही बंद झालं, आणि ते त्यांनीच बंद करायला लावलं. दुखलंखुपलं की बायका अजून त्यांच्याकडंच येतात. बाई विचारतात, "कसलं ऑपरेशन झालंय? आधीचं काय चालू आहे? पाकीट कुठंय?" आणि औषधाच्या दुकानापर्यंत, नाहीतर डॉक्टरांपर्यंत, सोबत जातात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेली एक बाई यादी वाचून घाबरली आणि ती गोळी सोडायला निघाली, तेव्हा बाईंनी तिला तसाच हात धरून नेलं. "सोडायचं झालं तरी डॉक्टरच सांगतील, तू नाही आणि मी तर नाहीच."

वाचकहो, वजनाची शस्त्रक्रिया ही चोरी नाही. ज्यांनी ती करून घेतली आहे, त्यांनी ते दर वेळी, दर डॉक्टरांना, दर औषध दुकानात, दाढ काढणाऱ्यालासुद्धा सांगावं. आणि सांगणाऱ्याला हसणारे आपण जर असू, तर त्याच्या पोटातल्या जखमेत आपलाही हात आहे. घरातला तो डबा आज उघडा. ज्या गोळीवर नाव नाही, ती कुणाच्याही हातावर ठेवू नका. प्रेमानंसुद्धा नाही, किंबहुना प्रेमानं तर मुळीच नाही, कारण प्रेमानं दिलेली गोळी कुणी उलटून बघत नाही.

तीन वाजता पाइप अजून वाजतो. बाईंनी तो दुरुस्त करून घेतला नाही. टक् टक् झालं की त्या मान वर करून रिकाम्या फळीकडं बघतात. कुणीतरी पुन्हा विचारतं आहे, 'ही कोणती?' आणि बाई ओठातल्या ओठात ते उत्तर देतात, जे त्या दिवशी द्यायला हवं होतं.

"माहीत नाही गं. थांब, विचारून सांगते."